शंकांना नंबर देणाऱ्या अक्का

पिंपरीत आले तेव्हा मला शास्त्रातली दोनशे वचनं तोंडपाठ होती आणि भाकरी थापता येत नव्हती. माझे वडील नगरकडे मिशनच्या शाळेत मास्तर. आमच्या घरात वचन चुकलं तर छडी बसायची. भाकरी करपली तर आई गुपचूप पदराखाली घालायची. चीनच्या लढाईनंतरच्या वर्षी माझं लग्न झालं. नवरा आकुर्डीच्या कारखान्यात फिटर, स्वभावाने गरीब. करपलेली भाकरी खाऊन तो शिफ्टला जायचा आणि मी, आता कुणाचा उद्धार करावा, याचा विचार करत दारात बसायचे.

उद्धाराला फिलोमिनाअक्का आयत्याच मिळाल्या.

आमच्या चाळीत सात खोल्या. तीन घरं आम्हा प्रॉटेस्टंटांची, तीन हिंदूंची, आणि पाचव्या खोलीतल्या अक्का एकट्या रोमन कॅथलिक. माहेर-सासर दोन्ही राहुरीकडचं. नवरा देहूरोडला लष्करी डेपोत होता, तो तापाने गेला तेव्हा पदरात तीन वर्षांची रोझी. अक्कांनी औषधाच्या कंपनीत काम धरलं. काम काय, तर धुऊन आलेल्या काचेच्या कुप्या तपासायच्या. पांढऱ्या उजेडाच्या काचेपुढे बसायचं, दोन्ही हातांत दोन-दोन कुप्या धरून फिरवायच्या, तडा, बुडबुडा, डाग दिसला की बाजूला काढायची. प्रत्येक दोषाला नंबर ठरलेला. बोलत बसायचं नाही, नंबर सांगून पुढची कुपी उचलायची. असे आठ तास. घरी आल्या की अक्का उंबऱ्यावर बसून कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय सोडायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या.

मी नेमकी तेव्हा जाऊन विचारायचे, "अक्का, तुम्ही लोक मरियेची पूजा का करता?"

पहिल्यांदा त्यांनी नीट समजावून सांगितलं. दुसऱ्यांदाही. मी ऐकायला थोडीच जात होते? मी उत्तर संपायची वाट बघायचे, म्हणजे माझं वचन फेकता येईल. पाचव्या की सहाव्या खेपेला अक्का डोळे न उघडता म्हणाल्या, "चार नंबर."

"म्हणजे?"

"तुमच्या शंकांना मी नंबर दिलेत. लई न्हाईत, पाचच हायेत. एक पोप, दोन मूर्ती, तीन पापाची कबुली, चार मरियाबाई, पाच मेलेल्यांसाठी प्रार्थना. तू निस्ता नंबर सांगत जा. तुझा बी घसा वाचंल, माझा बी."

मला फार लागलं ते. दोनशे वचनांची धनीण मी, आणि या बाईने माझी सगळी विद्वत्ता पाच खोक्यांत भरून ठेवली. रात्रभर सहावी शंका शोधली. नाही सापडली. दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून उंबऱ्याशी गेले आणि म्हणाले, "तीन."

"बस," अक्का म्हणाल्या.

त्यांची उत्तरं विद्वानांची नव्हती. कबुलीबद्दल मी म्हटलं, देवाला थेट सांगावं की पाप, मध्ये फादर कशाला? अक्का म्हणाल्या, देवाला सांगणं सोपं असतं गं, त्याला आधीच ठावं असतं. मानसाला सांगताना घाम फुटतो, आणि तो घाम फुटायलाच पायजे. चार नंबरवर त्यांनी मलाच उलट धरलं. माझ्या सासूबाईंना काविळीने घेरलं होतं तेव्हा मी अक्कांना सांगून आले होते, आमच्यासाठी प्रार्थना करा. "मी कोन गं? बाटल्या तपासनारी फिलोमिना. तिच्याकडं प्रार्थना मागतीस, आनि येशूच्या आईकडं मागितली की पाप?" पाच नंबरला तर त्यांनी सरळ कंपनीच आणली. फुटकी कुपी फेकून देतात, पण डागाची फेकत नाहीत; ती पुन्हा धुवायला जाते. मेल्यावर आत्मे शुद्ध होतात ते शुद्धीस्थान म्हणजे धुलाईखातं. "मी मेले की मला फुटकी म्हनून फेकू नको, देवा, धुवायला पाठीव, एवढंच माझं मागनं."

यावर माझ्याकडे वचन होतं. मी ते म्हटलं. अक्कांचे डोळे मिटलेलेच होते. बऱ्याच वेळाने कळलं की त्या झोपल्यात आणि मी घमेल्याला उपदेश करतेय.

हिंदू बायकांना आमचं कोडं पडायचं. सहाव्या खोलीतल्या काकूंनी एकदा विचारलंच, तुमचा देव एक, पुस्तक एक, मग रोज कशाची वादावादी? अक्का म्हणाल्या, "भाऊबंदकी हाय, काकू. शेत एकच असतंय, बांधावरून भांडन." काकूंना ते लगेच पटलं. मला नाही पटलं. मला जिंकायचं होतं.

आता माझ्या हातून जे झालं ते सांगते. नातवंडांना मी हे सांगत नाही. त्यांच्या डोक्यात आजीची जी मूर्ती आहे ती राहू दे, या बाबतीत मीही रोमन.

अक्कांची दुसरी शिफ्ट असली की रोझी माझ्याकडे असायची. मला तेव्हा मूल नव्हतं. पोर गोड होती, आणि पाठांतराला अशी तयार की सांगायची सोय नाही. तिला माझ्याकडे सोडताना अक्कांनी एकच अट घातली होती: जेवू घाल, अभ्यास घे, धर्माचं मी बघते. मी मान डोलावली आणि पंधरा दिवसांत तिच्याकडून दहा आज्ञांतली 'मूर्ती करू नको' ही आज्ञा घोकून घेतली. एका रविवारी सात वर्षांची रोझी आईच्या कोनाड्यातल्या मरियाबाईच्या मूर्तीपुढे हाताची घडी घालून उभी राहिली आणि तिने खणखणीत आवाजात ती आज्ञा म्हणून दाखवली. मी शेजारी कान लावून होते. युद्ध जिंकल्यासारखं वाटलं मला. सात वर्षांच्या पोरीच्या हातात काठी देऊन तिच्या आईला मारलं, आणि मी म्हणे देवाची सेविका.

अक्का भांडायला आल्या नाहीत. संध्याकाळी दारात येऊन म्हणाल्या, "पोरीचं पाठांतर चांगलं घेतलंस. आता अजून पाच अध्याय पुढं शिकीव. तिथं देवच सोन्याचे करूब, म्हंजे देवदूत, घडवायला सांगतो, पंखबिंख काढून. पाच अध्यायांत देव विसरला का काय, ते तिला इचार." मग जरा थांबून, "आनि परत असं करू नको. तुझ्या शंकांना मी उत्तर देईन. तिच्या शंकांना उत्तर द्यायची ताकद माझ्यात न्हाई."

मी परत तसं केलं नाही. पण पेरलेलं उगवतं, हे मास्तरांच्या मुलीला तरी ठाऊक असायला हवं होतं.

रोझी अठरा वर्षांची झाली त्या सुमाराला चिंचवडच्या माळावर प्रार्थनासभांचे तंबू लागू लागले. ही मंडळी आमचीही नव्हती आणि अक्कांचीही नव्हती. टाळ्या वाजवून गाणी, रडून प्रार्थना, आणि मोठ्या माणसांचा पवनेत बुडवून बाप्तिस्मा. लहानपणचा बाप्तिस्मा त्यांच्या लेखी खरा नव्हेच. अक्का म्हणाल्या, "घे, सहावा नंबर आला." हसल्या नाहीत. कारण तो नंबर घेऊन आलेली रोझी होती. ती नदीत बुडून आली, आणि वर्षभरात तंबूतल्याच शमुवेलशी तिचं लग्न ठरलं. मुलगा चांगला होता, भोसरीच्या वर्कशॉपात कामाला, घर चाकणला. लग्नही तंबूतच लागलं. अक्का शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर बसल्या होत्या, नवी साडी नेसून, दुसऱ्याच्या लग्नाला आल्यासारख्या.

त्यानंतर रोझी दोनदाच आली. दोन्ही वेळा दारात उभी राहून बोलली, आत आली नाही. आत कोनाड्यात मरियाबाई होती ना.

पुढच्या वर्षी तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी. तंबूवाले झाले, आम्ही झालो, रोमन झाले, हा नियम सगळ्यांनाच पोपच्या वर. चाकणहून सासूचा निरोप आला की, सुनेला पाठवते, पण घरातली मूर्ती आधी निघाली पाहिजे. रोझीचंही तेच म्हणणं होतं.

पहिली शिफ्ट करून अक्का माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. तोवर माझ्याही भाकऱ्या बऱ्या व्हायला लागल्या होत्या आणि मला दोन मुलगे झाले होते. त्यांनी पाटावर बसून अर्धा कप चहा घेतला, उरलेला तसाच ठेवला. मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, "सव्वा महिना होईस्तोवर तुझ्याकडं ठेवशील का?"

"रोझीला?"

"मरियाबाईला."

मी स्टोव्ह बंद केला. त्या म्हणाल्या, "फेकायची मला जमनार न्हाई. ट्रंकेत घालावी तर चोरी केल्यासारखं वाटंल. चाळीत तुमच्यातली तीन घरं. बाकीच्या दोघींना इचारायची बी सोय न्हाई. तू निदान भांडून भांडून तिला वळखतीस तरी."

नाही म्हणायला मला तोंड होतं का?

ती प्लास्टरची वीतभर मूर्ती, निळा रंग उडालेला, नाकाचा टवका गेलेला. मी ती पिठाच्या डब्यांमागे ठेवली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्याकडे चर्चच्या मंडळीची प्रार्थना असायची, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. आमचे पाळकसाहेब आले, चार-पाच बायका आल्या, गाणी झाली, आणि चहाला साखर कमी म्हणून शांताबाई उठून डबा घ्यायला गेल्या. दोन हातांनी मरियाबाईला धरूनच बाहेर आल्या, मेलेला उंदीर धरावा तसं.

पाळकसाहेबांची बशी हातातच राहिली. "ताई, हे काय आहे?"

शेजारणीची आहे, ठेवायला दिलीय, एवढं सांगून मला सुटता आलं असतं. तोंड उघडलं ते वेगळंच. मी म्हणाले, "पाळकसाहेब, गेल्या महिन्यात तुम्ही आजारी होतात. मंडळीला चिठ्ठी पाठवलीत, माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणून. आम्ही केली. आम्ही तुमची पूजा करतो असं नाही ना त्यामुळे होत?"

पाळकसाहेबांनी बशी खाली ठेवली, नवरा मोरीतून डोकावला. शांताबाई म्हणाल्या, मेलेल्यांचं वेगळं. मी म्हणाले, स्वर्गात गेलेले मेलेले असतात का मग? हे सगळं माझ्या तोंडून, आणि ऐकणारीही मीच; मी अक्कांचं एवढं ऐकलं होतं कधी? मला तर वाटत होतं मी नुसती वाट बघत होते.

मंडळीने माझ्याकडून मुलांची रविवारची शाळा काढून घेतली. मुलांचं भलंच झालं असणार.

रोझी आठव्या महिन्यात आली. आधी दारातून कोनाडा बघितला, रिकामा दिसला तेव्हा पाऊल आत टाकलं. अक्कांनी तिच्या पायांवर पाणी घातलं. दवाखान्यात मुलगा झाला. बाळाला सकाळची आंघोळ स्वतःच्या हाताने घालता यावी म्हणून अक्कांनी दुसरी शिफ्ट मागून घेतली. दुपारी दोनला, कामावर जाण्याआधी, त्या जपमाळ घेऊन माझ्याकडे यायच्या. पिठाच्या डब्यांकडे तोंड करून पाटावर बसायच्या आणि पुटपुटायला लागायच्या. बाळंतिणीचं करणं, आंघोळ, स्वयंपाक, वर आठ तास कुप्या. वय पन्नाशीच्या पुढे. मधल्या मण्यांवर हमखास डोळा लागायचा. मी निवडणं-टिपणं करत मोजत असायचे. "अक्का, सातवा," मी म्हणायचे. त्या दचकून आठवा धरायच्या. चाकणच्या सासूने हे दृश्य बघितलं असतं तर आम्हा दोघींना एकाच पवनेत बुडवलं असतं.

सकाळी बाळाच्या आंघोळीला मी पाणी द्यायला जायचे. पडद्यामागे रोझी शेक घेत पडलेली. अक्का पाटावर पाय पसरून बाळाला पालथं-उताणं करायच्या, तोंडाने त्याच्याशी अखंड बोलणं. मात्र डोक्यावर पाणी घालायची वेळ आली की गप्प. ओठ असे मिटायच्या की पांढरे पडायचे. तीनदा पाणी घालून झालं की पुन्हा बोलणं सुरू. मी पाच-सहा दिवस बघितलं आणि एके दुपारी विचारलं.

"पानी हाय, डोसकं हाय, घालनारा हात हाय," अक्का म्हणाल्या. "पित्याच्या, पुत्राच्या म्हटलं की झाला बाप्तिस्मा. रोज शब्द जिभेवर येतात. रोज गिळते."

मी म्हणाले, म्हणून टाका, कोणाला कळणार? सहा नंबरवर आमचं दोघींचं एकमत होतं, आमच्यातही तान्ह्यांना बाप्तिस्मा देतात.

"आईबापानं नको म्हटलेल्या पोराला आसं चोरून देता येत न्हाई. मरनाच्या दारात आसंल तरच. आनि रोझीला शब्द दिलाय मी. तिचा माझ्यावर एवढाच इश्वास उरलाय, बाकी सगळा तंबूत गेला." मग त्यांनी माळ उचलली. "कितवा होता?"

"चौथा."

तेराव्या दिवशी बाळाच्या घशात दूध अडकलं. आंघोळीच्या वेळीच. बघता बघता ते काळंनिळं पडलं, मान टाकली. रोझी पडद्यातून किंचाळत बाहेर आली. माझ्या हातात तांब्या भरलेला. मी तो अक्कांपुढे धरला आणि म्हणाले, "अक्का, पाणी." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाळाला पायांना धरून उलटं केलं, पाठीवर दोन थापा मारल्या, तोंडात बोट घालून घसा मोकळा केला, पुन्हा थाप. मग ते रडलं. रोझीने ते ओढून छातीशी धरलं आणि खाली बसली.

दुपारी अक्का माझ्याकडे आल्या, पण माळ काढली नाही. भिंतीला टेकून बसल्या. "सगळ्या चाळीला शिकिवलं मी," त्या म्हणाल्या. "एकच येळ आशी होती की देवानं बी ना म्हटलं नसतं, रोझीनं बी. तू तांब्या धरलास तोंडापुढं. आनि मला शब्द आठवलेच न्हाईत गं. निस्तं पोर दिसत हुतं."

मी चहा टाकला. दोनशेतलं एकही वचन उपयोगाचं नव्हतं. रविवारी त्या खडकीला जाऊन कबुली देऊन आल्या. फादर काय म्हणाले, मी विचारलं. "म्हनले, हे पाप न्हाई, पुढं बोला. मी म्हनलं, पुढं काही न्हाई फादर, दमलेय."

सव्वा महिना झाला. शमुवेल मित्राचा टेम्पो घेऊन न्यायला आला. योगायोग असा की त्याच आठवड्यात आम्हीही पिंपरी सोडणार होतो. नवऱ्याला नाशिकला चांगलं काम मिळालं होतं. सकाळीच मी मरियाबाईला ओल्या फडक्याने पुसून, पदराखाली झाकून, अक्कांच्या खोलीच्या मागच्या दाराने आत, रोझीला दिसणार नाही अशी, ठेवून आले. दुपारी रोझीच्या पिशव्या घेऊन आम्ही दोघी रस्त्यापर्यंत गेलो. अक्का तशाच पुढे कामावर जाणार होत्या, डबा हातात होता.

शमुवेल पुढे सामान लावत होता. रोझी टेम्पोत बसली, बाळाला मांडीवर घेतलं आणि आईकडे न बघता म्हणाली, "आई, त्याच्या डोक्यावर पाणी घालताना तू ओठ मिटून घ्यायचीस. मी पडद्यातून रोज बघायचे. मला वाटायचं, आज म्हणेल. उद्या म्हणेल."

अक्कांनी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"त्या दिवशीही नाही म्हणालीस. म्हणाली असतीस तरी मी..." तिने पदराने बाळाचं तोंड उगीचच पुसलं. "तुझ्यासारखी प्रार्थना मी करायची नाही, आई. ते मला पटत नाही. पण तिला घराबाहेर काढ म्हणायला नको होतं मी. पुढच्या खेपेला असू दे कोनाड्यातच. सासूबाईंचं मी बघते."

पंधरा वर्षं जी बाई उंबऱ्यावर बसून सगळ्या जगाला उत्तरं देत आली होती, ती आता काहीतरी मोठं बोलेल म्हणून मी सरसावून उभी राहिले. अक्कांनी हात लांब करून बाळाचं टोपडं कानांवर ओढलं.

"निघायच्या आधी पाजून घे," त्या म्हणाल्या. "भोसरीच्या पुढं खड्डे हायेत, रडंल."

टेम्पो गेला. कंपनीची बस आली. अक्का चढल्या, खिडकीशी बसल्या, डबा मांडीवर घेतला. मी हात हलवला, पण त्यांनी बघितलं नाही. बस सुटायच्या आतच त्यांचं डोकं गजाला टेकलं होतं आणि तोंड जरासं उघडं पडलं होतं, तान्ह्या मुलाचं पडतं तसं. शेजारच्या बाईने त्यांना उठवलं नाही. त्यानंतर अक्का मला दिसल्या नाहीत.